माझ्या मागचा धुरळा

आमच्या सायकलच्या फिल्ममध्ये धुरळा उडवत डोंगरावरून सुसाट खाली येतो तो मीच, पण खरं सांगू, तो धुरळा माझा नव्हे. निडी गावाजवळच्या त्या उतारावरून मी सात वेळा आलो, तरी चाकामागे चिमूटभर माती उडाली नाही. कॅमेरावाला वैतागला, “अरे, दळण आणायला निघाल्यासारखा दिसतोयस!”

शेजारच्या खळ्यावर अनसूयाकाकू आणि त्यांची सून सुपाने भात वारवत होत्या. काकू म्हणाल्या, “धुरळाच हवा ना? त्यात काय हाय!”

दोघी सुपात माती भरून झुडपांमागे उभ्या राहिल्या. मी आलो, त्यांनी सुपं उडवली आणि वाऱ्याने सगळी माती माझ्याच तोंडावर आणली. मी सायकलसकट वालाच्या शेतात!

मला उचलायचं सोडून काकू सुनेवर करवादल्या, “वारा बघून उडवायचं गो! भात असंच वारवतेस व्हय?”

पुढच्या खेपेला दोघींनी वारा बघितला आणि शॉट झकास मिळाला.

फिल्म तयार झाल्यावर मी ती मोबाईलवर दाखवायला गेलो. माझी उडी आली, वळण आलं, तरी दोघी ‘पुढं, पुढं’ करत राहिल्या. तो उतार आला, तसं काकूंनी पडद्यावर बोट दाबलं आणि चित्र थांबलं.

“ही डावीकडची माझी माती, ती उजवीकडची हिची!”

“आणि मी, काकू?”

त्यांनी बोट उचललं. मी नेमका त्याच्याखाली होतो.

“व्हय की,” त्या म्हणाल्या, “तू पन हायस!”