अमिनामावशीनं शिकवलेली चंदी

माझं म्हायेर टाकवे बुद्रुक. बाप शेतकरी, दावनीला दोन बैलं, एक म्हस. घोडं म्हंजे जत्रंत लांबनं बघायचं, तेवढंच. लगीन होऊन वलवणला आले तं दारात टांगा आन् टांग्याला तांबडी घोडी, हिरी तिचं नाव. आमचे मालक लोनावळ्याच्या टेसनावरनं पावन्यांना बंगल्यावर सोडायचे. घोडीचं खानंपिनं तेच बघायचे, मला हात लावू देत नव्हते.

मग एकदा मालकांना हिवताप आला, अंथरुनावरनं उठंनात. टांगा धाकटे दीर हाकाय लागले आन् घोडीची चंदी, म्हंजे तिचा रोजचा दाना, माझ्याकडं आली. काय सांगू तुमाला, एक दिवस भर दुपारची घोडी खंडाळ्याचा चढ चढून आली, अंगावर घामाचा फेस, दीर तिला सोडून जेवाय गेले, आन् माझा जीव कळवळला. म्हनलं आमच्यासाटी एवढी राबती, खाऊ दे पोटभर. म्हायेरी बैलापुढं पाटी भरून ठेवायचो, त्याच हातानं मी कोरडा हरबरा तोबरा भरून तिच्या तोंडाला बांधला आन् वर बादलीभर पानी पाजलं. लय समाधान वाटलं बघा मला.

घटकाभरानं बघते तं घोडी खुरानं भुई उकरती, मान वळवून सारखी आपल्याच पोटाकडं बघती, मग खाली बसली आन् लोळाय लागली. मालक आतनं इचारतेत काय झालं. घोडी गेली तर आमची चूल इझली, हे दोगांनाबी ठावं. तशीच पळत अमिनामावशीकडं गेले.

मावशी आमच्या मागच्या आळीत ऱ्हायची. नवरा टांगेवाला, तो वारल्यावर दोन घोडी तिनं एकटीनं सांबाळली. आली, घोडीच्या कुशीला कान लावला, काय घातलंस म्हनली. मी खरं ते सांगितलं. वाटलं आता शिव्या देनार, पर न्हाई. लगाम धरून घोडीला उठवलं आन् एवढंच म्हनली, हिला लोळू द्यायचं न्हाई, आतडं पिळंल, चल, चालव.

मग धरनाच्या रस्त्यानं थोडं ती, थोडं मी, घोडीला फिरवत ऱ्हायलो. साठीची बाई, वर ऊन, पायात काय न्हाई. आन् चालता चालता मला सांगायची, बैल रवंथ करतो, घोड्याला रवंथ न्हाई आन् मानसासारकं वकताबी येत न्हाई, आत गेलं ते पुढंच जायाला पायजे. अंग मोठं पर पोट ल्हान, म्हनून थोडं थोडं, दिसातनं चारदा घालावं. घामाघूम घोडं आदी हिंडवून गार करावं, मग पानी घोट घोट, मग गवत, आन् दाना शेवटी, तोबी भिजवून. हरबरा कोरडा ग्येला आन् वर पानी पडलं का पोटात फुगतो. असं समजावून सांगनारं मानूस मी परत बघितलं न्हाई.

दिवस कलला आन् घोडीनं लीद टाकली. मावशी तितंच रस्त्यात मटकन बसली आन् रडली. तवा मला कळलं, तिलाबी भ्या वाटत व्हतं, मला दिसू दिलं नव्हतं.

तीन दिवस निस्ती हरळी आन् कोंड्याचं पातळ पानी दिलं, घोडी सावरली. मालक बरे झाले, म्हनले आता मी बघतो तिचं. मावशी त्यांच्या तोंडावर म्हनली, चुकून शिकली ती इसरत न्हाई, चंदी हिच्याच हातात ऱ्हाऊ दे. मालक व्हय म्हनले.

तवापासनं मीच बघते. गवताच्या भाऱ्यात कोपरापतुर हात घालून वास घेते, बुरसा लागला आसंल तर भारा माघारी. हिरी म्हातारी होऊन मेली, तिच्यामागनं दुसरी आनली. आता टेसनावर मोटारी वाढल्यात, टांग्याला गिऱ्हाईक कमी, चालंल तवर चालंल. मावशीबी ग्येली, अल्ला तिला सुखात ठेवो. बसा तुमी, मी घोडीला एवढी हरळी घालून येते, तिची येळ झाली.