चाकूरच्या रस्त्यावर सापडलेला वेग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, सत्कारमूर्ती डॉ. पंचफुला सोनकांबळे, प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आणि चहा केव्हा येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेले माझे सहकारी व विद्यार्थी मित्रहो,

भौतिकशास्त्राच्या बाईंना निरोप द्यायला मराठीच्या मास्तराला का उभं केलं, असं वाटलं असेल तुम्हाला. कारण साधं आहे. त्या दिवशी जीपमध्ये मी होतो. दुसरे साक्षीदार आज अध्यक्षस्थानी आहेत, त्यामुळे ते हे सांगतील असं वाटत नाही.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, नळाला मात्र पाणी नव्हतं. त्याच उन्हाळ्यात बाईंना परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं बोलावणं आलं. बाईंचं गणित असं होतं: आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, प्रचंड वेगानं स्फटिकातून सोडला, की वाटेत सारख्या अंतरावर बसलेले अणू त्याला तालात धक्के देतात. हा ताल आयनातल्या इलेक्ट्रॉनच्या तालाशी जुळला, तर इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी घेतो आणि मग सहज निसटतो. त्यासाठी नेमका वेग किती, तो बाईंनी मांडला होता. तो खरा की खोटा, ते तिथे ठरणार होतं.

आपली संस्था तेव्हाही आप्पासाहेबच चालवत, म्हणून रजा मागायला बाई त्यांच्याकडे गेल्या. ते म्हणाले, "बाई, हितं प्यायला पाणी न्हाई, अन् तुम्ही परदेशात उड्या बघायला जाणार? लोक काय म्हणतील मला?"

बाई म्हणाल्या, "साहेब, उद्या चाकूरला दुष्काळी काम बघायला निघालात ना? मीही येते. वाटेत सांगते."

चाकूरजवळचा तो रस्ता दुष्काळी कामावरच झालेला. मुरूम दाबून बसवायला पाणी नाही, म्हणून वर सारख्या अंतरानं आडवे वरंबे उठलेले. साहेब पुढे, ड्रायव्हर मलप्पाशेजारी. बाई आणि त्यांच्या सोबतीला मी मागे. मलप्पा हळू चालवत होता, काही त्रास नव्हता. बाई म्हणाल्या, "मलप्पा, जरा वाढवा."

आणि जीप नाचायला लागली. अशी नाचली, की साहेबांची टोपी टपाच्या गजाला लागून माझ्या मांडीवर आली.

"खड्ड्यातून कशाला घालायलास रे?" साहेब म्हणाले.

"खड्डा न्हाई साहेब, मघाचेच वरंबे हायत."

"अजून वाढवा," बाई शांतपणे म्हणाल्या.

साहेबांनी दोन्ही हातांनी गज धरला. पण वेग वाढला तशी जीप चक्क निवली.

बाई म्हणाल्या, "जीप तीच, रस्ता तोच. मधल्या एका वेगालाच धक्क्यांचा ताल स्प्रिंगांशी जुळला. आयनाचा तसा वेग मला तपासायचाय."

साहेबांनी टोपी मागितली, झटकली, घातली. मग म्हणाले, "रजा देतो. येताना मात्र मलप्पाला तुम्ही काही सांगायचं न्हाई."

बाई गेल्या. पहिल्या दिवशी बाईंच्या वेगाला काहीच घडेना. तिथली माणसं सभ्य. कुणी हसलं नाही, सगळ्यांनी आळीपाळीनं कॉफी पाजली. बाई मला सांगत होत्या, की त्या दिवशी उठून गावी यावंसं वाटलं. पण आल्या नाहीत. स्फटिक किंचित तिरका बसलाय, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तो केसभर फिरवून घेतला. मग त्याच वेगाला, अलीकडे नाही, पलीकडे नाही, इलेक्ट्रॉन सांभाळून बाहेर पडणारे आयन एकदम कमी झाले. गणित खरं ठरलं.

तिकडचे लोक म्हणाले, इथंच राहा. बाई परत आल्या. मी विचारलं, का आलात? तर म्हणाल्या, "तिकडं माझ्यासारखे लई हायत. आमच्या नायगावच्या एखाद्या पोरीला फिजिक्स घ्यावंसं वाटलं, तर ती कुणाला विचारंल?"

बाई, नायगावच्या पोरींनी विचारलं. त्यातलीच एक, आपल्या प्राध्यापक शिवकन्या, उद्यापासून तुमचा विभाग सांभाळणार आहेत. सकाळपासून त्या प्रयोगशाळेत दार लावून रडत होत्या. मला कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. माझ्याकडून विज्ञानाची मोडतोड झाली असेल, तर बाईंना आता सवड आहे, त्यांनी घरी बोलावून शिकवावं. आणि अध्यक्षांचा मान राखण्यात कुठे उणं पडलं असेल, तर साहेब, पोटात घाला. माझी निवृत्ती पुढच्याच वर्षी आहे, आणि माझ्या निरोपाला तुम्हीच बोलणार आहात.