अठ्ठावीस डोक्यांचा कॉम्प्युटर

...नाही, मला एवढंच सांगा, गेम खेळायला कोणी सर्व्हरचा प्रोसेसर घरी आणतं का? आणतं! आमच्याकडे आणतात! आमचे काका आणतात आणि वर बाबा त्यांची पाठ थोपटतात! तुम्हाला सांगतो, मी मागितलं तरी काय होतं? सहा कोअरचा नवा, चपळ प्रोसेसर आणि एक बरंसं ग्राफिक्स कार्ड. संपला विषय. दुकानातून रीतसर कोटेशन आणून टेबलावर ठेवलं. बाबांनी चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला आणि कागद सरकवला काकांकडे. कारण आमच्या घरात कॉम्प्युटर म्हटलं की काका! बावीस वर्षं एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये काढलीत त्यांनी. त्या खोलीत म्हणे मशीनसाठी बारा महिने गारठा ठेवतात, म्हणून हा माणूस बारा महिने स्वेटरमध्ये. घरीसुद्धा! उकाड्यात आम्ही बनियनवर आणि हे गळ्यापर्यंत चेन ओढून!

काकांनी कागद दोन बोटांत धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा. "सहा? सहाच डोकी?" कोअरला ते डोकी म्हणतात. "अरे, आमच्याकडे जुने सर्व्हर मोडीत काढलेत. एकेका प्रोसेसरला चौदा डोकी! साहेबांना विचारून दोन आणतो तुला, फुकट. किती झाली? अठ्ठावीस डोकी! हजार माणसांचा भार सोसलाय त्यांनी, तुझी एक बंदूक नाही सोसणार?"

मी म्हटलं, "काका, गेमला डोक्यांची गर्दी नको असते हो, वेग लागतो. मुख्य काम एकदोन कोअरच करतात, बाकीचे नुसते बसून असतात."

"मग बसू दे की! तुला सोबत होईल!" हे बाबा. आणि हसले! काका हसले. आई आतून हसली. तिला काय कळलं होतं, सांगा ना? पण माझ्यावर हसायचं असलं की आमचं घर एक होतं.

आता यात माझं काय पणाला लागलं होतं ते ऐका. मी कॉलेज सोडलं दुसऱ्या वर्षाला. सोडलं म्हणजे सोडलं, हाकलून नाही दिलं कोणी. आमची पाच जणांची टीम, मोठी स्पर्धा, महिन्याभरानं एका शनिवारी दुपारी पात्रता फेरी. बाबा म्हणाले, "पुढच्या फेरीत गेलास तर वर्षभर तोंडातून कॉलेजचा क काढणार नाही. नाही गेलास तर सोमवारपासून काकाच्या हाताखाली. मंजूर?" मंजूर! मी हात मिळवला! पण ज्या मशीनवर लढायचं ते मशीन कोण देणार, तर ज्याच्या हाताखाली जायचं तोच! आहे की नाही गंमत?

बरं, फुकट म्हणजे किती फुकट? हे प्रोसेसर साध्या बोर्डावर बसत नाहीत. त्यांना त्यांचा बोर्ड लागतो, जुना, वापरलेला, पाटाएवढा. दोन प्रोसेसर, म्हणून कूलर दोन. मेमरी वेगळी. पॉवर सप्लाय दांडगा. बोर्डावर हेडफोन लावायला जागाच नाही, का, तर सर्व्हरला आवाज लागत नाही म्हणे! घ्या आवाजाचं कार्ड! बरं, हा बोर्ड कुठल्याच कॅबिनेटमध्ये मावेना. मग कुठे बसवला? चपलांच्या कपाटात! खरंच सांगतो! वरच्या खणात बाबांचे बूट, खालच्या खणात अठ्ठावीस डोकी! सगळा हिशेब केला तर माझ्या कोटेशनच्या वर गेलं प्रकरण. बाबांना कागद दाखवला तर म्हणतात, "अरे, पण डोकी बघ ना!"

पहिल्यांदा चालू केलं. पंखे असे सुटले की शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, "गिरणी टाकली का हो?" स्क्रीनवर काय? 'मेमरी तपासत आहे.' एक मिनिट. दोन मिनिटं. चार मिनिटं! आई म्हणाली, "हरवलीय का?" आणि काका अभिमानानं, "वहिनी, सर्व्हर असाच उठतो. म्हणून त्याला बंदच करायचं नसतं." झालं! मशीन दिवसरात्र चालू, मीटर गरागरा, आणि बाबा माझ्या मागे येऊन बाथरूमचा दिवा बंद करतात, "वीज काय फुकट येते का?"

आणि गेम? उभं राहिलं तर चित्र सुरेख. पळायला लागलं की अडकत अडकत. मी वळायच्या आत समोरचा मला मारून, बंदूक भरून, पुढच्या गल्लीत! सत्तावीस डोकी आरामात आणि एकाला घाम फुटलेला. म्हणजे आमचंच घर! शेवटी मी पळणंच सोडलं. पाण्याच्या टाकीमागे बसायचं, हलायचं नाही, जो समोर येईल त्याला टिपायचं. आमची कॅप्टन मोठी तिखट पोरगी. तिनं माझं नाव ठेवलं वॉचमन. "ए वॉचमन, मेलास की बसलायस?" "बसलोय." "बस तसाच!"

पण तुम्हाला सांगतो, त्या बसण्यावर आम्ही शनिवारी शेवटच्या डावापर्यंत गेलो! आमचे चौघं पडले, त्यांचे चौघं पडले. उरलो मी आणि त्यांचा एक. कॅप्टन कानात कुजबुजतेय, "वॉचमन, श्वास पण घेऊ नकोस." तो आला. टाकीच्या समोर आला. पाठ माझ्याकडे! पाठ हो! मी बटण दाबणार...

काळोख. स्क्रीन काळी. पंखे शांत. मग एकदम गिरणी! आणि काय आलं स्क्रीनवर? 'मेमरी तपासत आहे.'

चार मिनिटं! चार मिनिटं मी त्या चपलांच्या कपाटासमोर गुडघ्यावर बसून होतो!

काका शांतपणे बाहेर आले. घड्याळ बघितलं. "तीन वाजले. बरोबर." "काय बरोबर?" "अरे, तीन आठवडे सलग चालू होतं, दमलं असेल. काल तू बाहेर होतास तेव्हा लावून ठेवलं. दर शनिवारी तीनला आपोआप बंद होऊन परत चालू. ऑफिसात असंच असतं." मी ओरडलो, "मला सांगायचं नाही?" तर हा माणूस स्वेटरची चेन वर ओढत म्हणतो कसा, "नोटीस लावली होती की!"

फ्रिजवर! टाइप केलेली! 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, शनिवारी दुपारी तीन वाजता सर्व्हर देखभालीसाठी बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' सकाळपासून चार वेळा फ्रिज उघडला होता मी! फ्रिज कोणी वाचतं का हो? आणि बाबा काय म्हणाले असतील? "वाचनाची सवय असती तर कॉलेज कशाला सुटलं असतं?"

सोमवारी गेलो. शब्द म्हणजे शब्द. सर्व्हर रूममध्ये दात वाजायला लागले. काकांच्या टेबलावर बघतो तर नवा कोरा कॉम्प्युटर. सहा कोअरचा! मी मागितलेला! तोच! मी म्हटलं, "काका, हे काय?" म्हणाले, "अरे, मला दिवसभर काम करायचं असतं. वेग नको?"

हाणू की रडू? आईनं बाबांचा जुना स्वेटर दिला होता, तो चढवला. शनिवारी काकांनी हातात कागदांचा गठ्ठा दिला, तो मजल्यामजल्यावर चिकटवून आलो. तीन वाजता सर्व्हर बंद झाला. तीन वाजून एक मिनिटानं हिशेब विभागातला माणूस तांबडालाल होऊन धावत आला. "अहो, दोन तासांचं काम गेलं माझं! शेवटचं बटण दाबणार होतो! सांगायचं नाही आधी?"

शपथेवर सांगतो, मला त्याच्या गळ्यात पडून रडायचं होतं. पण थंडी फार होती. मी चेन गळ्यापर्यंत ओढली... आणि म्हणालो,

"नोटीस लावली होती की!"