फॉरेनची काठी

आमी मूळचे यवतचेच. आजा नालबंद, बैलांना पत्र्या मारायचा, आन् मी हायवेला वेल्डिंगचं दुकान टाकलं. गावात नवी नवी केबल आली ना, तवाची गोष्ट. आमच्या सोसायटीचे चेरमन आप्पा, ऊसवाले बागायतदार, टीव्हीवर गोल्फ बघून येडेच झाले. म्हणले, रशीद, आपल्याला तसली काठी पायजे. आप्पा लहानपणापासनं वळखीचे, न्हाई कसं म्हणणार?

काय सांगू तुम्हाला, किती खटपट! फोल्डिंग खुर्चीचा पाइप घेतला, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा कापून खालचं डोकं केलं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. पण विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल उलटं फिरून आप्पांचं मनगट कवाच मोडलेलं, जड डोकं त्यांना पेलंना. मग मी डोकं कानशीनं घासून हलकं केलं आन् जुन्या बॅटरीचं शिसं वितळून मुठीत वतलं. बोटावर आडवी धरायची, तोल बघायचा, पुन्हा घासायचं. कुदळीचा दांडा कसा ज्याचा त्याच्याच हाताला बसतो, तसंच असतंय ते. शेवटी आप्पांनी मोकळ्या रानात चेंडू हाणला तो सरळ बांधापल्याड! पोरावानी नाचले.

मग लोक बघायला यायचे. कुठनं आणली म्हणलं की आप्पा मिशीवर हात फिरवून म्हणायचे, फॉरेनची हाय. माझ्या म्होरं म्हणायचे हो! मी मनाशीच म्हणलं, मोठ्या माणसाची हौस, असू द्या.

एकदा पुण्यावरनं कुणी साहेब आले, धडधाकट गडी. त्यांनी काठी जोरात फिरवली, तर चेंडू जागच्या जागी आन् ढेकळं उडाली. आप्पांच्या मनगटाची काठी, त्यांच्या हाताला कशी बसंल? साहेब म्हणले, कसलं वो हे फॉरेन? तर आप्पा लगीच म्हणतात, अवो फॉरेन कुठलं, आमच्या रशीदनं केलंय कायतरी उगं. समदी हसली. आग लागली माझ्या जिवाला! चांगलं हाय तवर फॉरेन, आन् फसलं की रशीद? ह्ये कुठलं इमान वो?

दुसऱ्या दिशी आप्पा म्हणले, रागावू नगं, तोंडातनं निघून गेलं. म्हणलं, आप्पा, मग इतके दिवस चांगलं का न्हाई निघालं तोंडातनं?

आता आप्पा थकलेत. अल्ला त्यांचा हात शाबूत ठेवो, मी वाईट चिंतत न्हाई. परवा दुकानात आले, म्हणले मूठ जड झाली, जरा शिसं काढ. काढून दिलं. संगं पाव्हणा होता, त्यानं काठी हातात घेऊन इचारलं, झकास हाय की, कुणी केली? आप्पांनी माझ्याकडं बघितलं, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मीच म्हणलं, फॉरेनची हाय.