राखणीतले नऊ उंदीर

मी भरमू ज्योतिबा गावडे, वय ४७, काम प्रयोगशाळेतल्या जनावरांची देखभाल, मूळ गाव जांबोटी, ता. खानापूर, सध्या राहणार बेळगाव. मी आपण होऊन ठाण्यात आलो आहे. मला कन्नड वाचता येत नाही म्हणून मराठीत जबाब देतो तो असा.

छताखाली उष्णता अडवायला ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, घालतात. त्याचा बारीक तुसांचा धुरळा आमच्याकडे साठ उंदरांना दोन वर्षे श्वासातून दिला. फुप्फुसांचे काय होते ते पाहायचे होते. दाणापाणी आणि रोजची नोंद माझ्याकडे होती.

अकराव्या महिन्यात उंदीर धापा टाकू लागले. पहिला मेला तेव्हा मी घाबरलो. आमच्या गावात राखणीचे जनावर मेले तर राखणदाराने त्या जागी आपले जनावर बांधायचे, अशी रीत आहे. मी तेच केले. मेलेल्याच्या कानातला बिल्ला काढून शेजारच्या खोलीतल्या धडधाकट उंदराच्या कानात घातला. असे नऊ वेळा केले. मेलेले मागच्या आंब्याखाली पुरले.

प्रयोग शाल्मली मॅडमचा होता. त्यांनी अहवालात एकही उंदीर मेला नाही असे लिहिले. "भरमू, तुमच्यासारखी निगा कोणी राखत नाही," असे सर्वांसमोर म्हणाल्या. मी हात जोडले. तेव्हाच बोलायला हवे होते. मॅडमचा यात दोष नाही.

माझी धाकटी बहीण मंगल बोरगावजवळ ग्लासवूल कापायच्या कामाला आहे. गेल्या वर्षी तिने विचारले, "अण्णा, तोंडाच्या फडक्यानं लई गुदमरतंय. सोडू काय?" मी म्हणालो, "सोड की. दोन वर्सांत एक बी उंदीर मेला न्हाय." खरे काय ते मला ठाऊक होते. बहिणीपुढे मान खाली जाऊ नये म्हणून तसे बोललो. त्याची मला फार लाज वाटते.

आता तिला जिना चढवत नाही. डॉक्टरांना ती सांगते, "त्या धुरळ्यानं काय हुत न्हाय, आमच्या अण्णानं बघितलंय." तिच्यासोबतच्या बायकांनीही तिचे ऐकून फडकी सोडली आहेत. तो अहवाल रद्द व्हावा, एवढेच मागणे आहे.

मंगल माझ्यासोबत आली आहे. कशासाठी ते तिला सांगितलेले नाही. ती बाहेर बाकावर बसली होती. इथवरचा जबाब वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा हळू आवाजात वाचा, अशी मी विनंती केली. हवालदारांनी नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला. फडक्याची ओळ आली तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

वाचलेले मी ऐकले. सगळे खरे आहे. काही खोडायचे नाही.