परत आलेली ओटी

—जड आहे म्हणजे काय, असणारच! नागपुरी सागवान आहे, कुशल, पुठ्ठा नाही. अनयच्या वेळी ह्यांनी सुटा करून विमानातून आणला होता. आता हे नाहीत, अनयला पाळणा नकोय, म्हणून टाकला फुकट ग्रुपवर, चार दिवसांत तूच पहिला आलास. आधी खालचे नट सोडव, मग दांडी निघेल. बायकोला बसू दे गाडीतच, हीटर लावून. कॉव्हेंट्रीच्या या थंडीत तिला आत-बाहेर नको. कितवा? सातवा? छान. आमच्याकडेही सातवाच. आमच्याकडे म्हणजे — फ्रान्सला.

फ्रान्स म्हटलं की सगळ्यांचे डोळे असेच होतात. पॅरिस नाही रे, पॅरिस कुठलं आमच्या नशिबात! खेडं आहे एक. दुकान नाही, बस नाही. पावाची गाडी येते, हॉर्न वाजवते, की अख्खं गाव — म्हणजे काही म्हाताऱ्या आणि एक कुत्रा — रस्त्यावर. आणि आमचे चिरंजीव नॉटिंगहॅमची नोकरी लॅपटॉपमध्ये भरून तिथे जाऊन बसले. का? तर पूल आहे! हो, पूल. दगडी, मध्ययुगीन, तीन कमानींचा. गेल्या महिन्यात मी गेले, तर चहा नाही, पाणी नाही, बॅगेसकट आधी पुलावर. म्हणाला, आई, आठशे वर्षांचा आहे. मी म्हटलं, दिसतंच आहे. गाडी-घोडा आला की पायी माणसाने अंग चोरून उभं राहावं म्हणून कठड्यात तिकोनी कोनाडे ठेवलेत, त्याचं केवढं कौतुक! आता तिथे घोडा नाही, गाडी फार तर आमची एक. कोनाड्यात अंग चोरून उभी कोण? मी.

आता सून — एलोडी — पोटुशी, आणि मी काय रिकाम्या हाती जाणार? हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सगळं नेलं होतं. पण साहेबांनी विमानतळावरून येतानाच बजावलं, आई, नो रिच्युअल्स, प्लीज, इथे लोकांना ऑकवर्ड होतं. बरं बाबा! फ्रेंच लोक फार नाजूक, त्यांना मेणबत्ती चालते, कुंकू चालत नाही. मग त्या सामानाचं मी करायचं काय? ओटीचं म्हणून काढलेलं परत बॅगेत भरून आणायचं? सकाळी उठले, पुलावर गेले आणि नदीची भरली. नदीला कुठे ऑकवर्ड होतं! तुझ्या आईने भरली असेल की कधीतरी — बघ, तेच म्हणते मी. हात जोडले, म्हटलं, बाई, पोरीकडे आता तूच बघ, मला परवानगी नाही. आणि दिलं सोडून.

दुपारी दारात कोण? मेयर! अरे, चार म्हाताऱ्या नि एका कुत्र्याच्या गावाला मेयर आहे! गमबूट, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात माझा नारळ, खांद्यावर ठिबकणारा खण. कमानीखाली अडकला होता. त्याला वाटलं, मॅडमचं सामान चुकून पडलं, म्हणून बिचारा स्वतः उतरला पाण्यात. वर हसला, हात मिळवला. कुणाची ओटी परत आलेली ऐकलीस कधी? माझी आली, मेयरच्या शुभहस्ते!

अनय असा लाल झाला — तो पाना नाही, बारीक घे, तो — असा लाल, की माझ्याकडे बघेचना. एलोडी सारखी विचारत होती, काय आहे हे, कोणासाठी आहे? तर हा म्हणतो, नथिंग, मम्स ओल्ड स्टफ. नथिंग! तिने तो खण पिळला, शेगडीपाशी वाळत घातला, हाताने सुरकुत्या काढत बसली. नारळही तिनेच मागच्या पायरीवर आपटून फोडला आणि निम्मा खाल्ला उभ्या उभ्या. नाजूक? अं — हो, म्हटलं खरं मी. अनय सांगतो तसं. मला स्वतःला अजून कुठल्या फ्रेंच माणसाने काही सांगितलेलं नाही.

परत सोडायला निघाला तेव्हा म्हणाला, आई, डिलिव्हरीला येऊ नकोस, ख्रिसमसला आम्हीच येऊ. पुलावरून गाडी इतकी हळू नेतो, दगडांना धक्का लागू नये म्हणून. दगडांना. मला वाईट वाटलं रे. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग इथून फोन करून पाळण्याचं विचारलं, तर म्हणे नको, तिला जुन्या वस्तू आवडत नाहीत. तिला! आठशे वर्षांचा पूल चालतो, आणि पाळणा जुना!

तिला आवडत नाही. तिला.

हा सांगतो.

थांब. कुशल, थांब जरा. नट ठेव खाली. ठेव म्हणते ना! नाही, तुझं काही चुकलं नाही. तो परत बसव, आणि तो दुसराही. बायकोला सांग, आधीच कुणीतरी नेला. खिडकीतून दिसतोय तिला? मग सांग, म्हातारी ऐनवेळी फिरली. पेट्रोल फुकट गेलं तुझं, शिव्या घाल मला घरी जाऊन. आणि जाताना दार ओढून घे, मला फोन लावायचाय. अनयला नाही रे — तिचा नंबर आहे माझ्याकडे. जा आता.