दोघींच्या नंबरांची बेरीज

हरतायत. विचारायचं काय त्यात, तो फळा बिघडलेला नाही, स्कोअर खराच आहे — पहिला सेट सहा-दोन गेला आणि हा दुसरा, शून्य-दोन. थर्मासमधला चहा ओतून घेतला होता मी, तो गार व्हायच्या आत पहिला सेट संपला बघा. हो, ती पांढऱ्या टोपीवाली, जवळच्या बाजूची, ती माझी. आणि मागे सर्व्हिस करतेय ती उंच, ती तिची जोडीदार. म्हणजे या आठवड्यापुरती. नाव आहे की तिला, चांगलं लांबलचक आहे, पण आम्ही नंबरवालीच म्हणतो. मुलींमध्ये जगात एकोणिसावी आहे ती. आमची? आमची दोनशे अकरावी — हसा, हसा, मला काही वाटत नाही, दोनशे अकरावी म्हणजे आमच्याकडे पेपरात फोटो आला होता. इथे मात्र कोण विचारतंय? सगळी गर्दी तिकडे मोठ्या कोर्टावर, मोठ्या बायकांच्या सामन्याला. मुलींच्या दुहेरीला आपण दोघी, आणि ते कोपऱ्यातले आजोबा, तेही सावलीला आलेत.

हे बघा, आता बघा — माझीनं पाठीमागे हात नेला ना, बोटं दाखवली ना? ती खूण असते. मागून सर्व्हिस करणारीला सांगायचं, की मी जाळ्यापाशी काय करणार आहे. मूठ म्हणजे जागेवरच थांबणार. पंजा म्हणजे मी पलीकडे धावणार, तू माझी बाजू सांभाळ. हे सगळ्या जगाचं एकच असतं. पण करंगळी — गेला. गेला पॉइंट. बघितलंत? दोघी एकाच बाजूला, आणि अर्धं कोर्ट मोकळं. करंगळी दाखवली होती तिनं. करंगळी म्हणजे नुसती हूल — धावल्यासारखं करणार पण जाणार नाही. ती नंबरवालीला कुठून कळणार? ते या दोघींचं आहे — म्हणजे या दोघींचं नाही, आमच्या हिचं आणि बुटकीचं. दहा वर्षांच्या होत्या तेव्हा काढलेली खूण. सातव्यांदा झालं हे आज. सातव्यांदा! तोंडानं सांगते तिला की करंगळी दाखवायची नाही, हो म्हणते, आणि हात पाठीमागे गेला की बोट आपोआप निघतं.

बुटकी कोण म्हणजे, बुटकी हो, तिची खरी जोडीदार. त्यांच्या टेनिसच्या सरांनीच ठेवलं नाव, बुटकी आहे म्हणून. आठ वर्षं खेळल्या दोघी. माझ्या घरी दर शनिवारी राहायला, गाडीत तिला पुढची सीट, कारण तिला गाडी लागते — आमचे हे मला मागे बसवायचे तिच्यासाठी, बोला. मला काकू म्हणते. गोड पोरगी, तक्रारीला जागा नाही. फक्त नंबर नाही. दोनशे नव्वद. आता तुम्हाला कसं सांगू, दुहेरीला काय करतात, दोघींच्या नंबरांची बेरीज करतात. बेरीज कमी, तितकी जोडी वर. दोनशे अकरा अधिक दोनशे नव्वद, पाचशे एक. पाचशे एकला इथे कोण आत घेतंय? प्रतीक्षा यादीत तिसऱ्या होत्या. आणि आमची अठराची होतेय, म्हणजे यंदा शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी मुलींमध्ये घेणारच नाहीत. एकेरीला तर दारातही उभं करत नाहीत दोनशे अकराला. म्हणजे जे काय आहे ते हेच, ही दुहेरी. या कोर्टावर एकदा पाय ठेवायला मिळावा म्हणून तिनं शाळेच्या सहली सोडल्या, वाढदिवस सोडले, मी पाळ्या बदलून बदलून घेतल्या — मी दवाखान्यात एक्स-रे काढते, श्वास धरा, हलू नका, झालं. बावीस वर्षं. हाड मोडलंय हे मला डॉक्टरांच्या आधी दिसतं, पण सांगायचं नसतं. माणूस विचारतो, सिस्टर, काही आहे का हो? आणि मी म्हणते, डॉक्टर सांगतील. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, ती माझी नोकरीच आहे.

तर काय सांगत होते? हां. आम्ही दोघी आठ दिवस आधी आलो इथे सरावाला. बुटकीचा एक पेपर राहिला होता, ती मागाहून येणार होती, बॅग भरून तयार होती. आणि एका दुपारी नंबरवालीचे वडील मला येऊन भेटतात, इथेच, त्या नळापाशी. त्यांच्या मुलीच्या जोडीदाराचं मनगट गेलं, तुमची खेळेल का? एकोणीस अधिक दोनशे अकरा. बेरीज करा. सरळ आत. संध्याकाळी सहाच्या आत ऑफिसात नावं लिहायची होती आणि तेव्हा वाजले होते साडेचार. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? नाही, खरं सांगा. पोरीला विचारलं असतं, हो ना? तिला विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. मला माहीत होतं ना. म्हणून मी तिला विचारलं नाही, सांगितलं — बुटकीचा फोन आला होता, खांदा दुखावलाय तिचा, तू दुसरी जोडीदार बघ म्हणाली. रडली थोडी. मग म्हणाली, तिला बोलते. मी म्हटलं, अभ्यास करतेय ती, आत्ता नको. तिचा फोन स्पर्धेच्या दिवसांत माझ्याकडेच असतो, सरांचा नियम आहे, लक्ष विचलित नको म्हणून — त्यामुळे सोपं गेलं.

आणि बुटकीला? बुटकीला त्याच फोनवरून लिहिलं. मीच. मी या वेळी दुसऱ्या मुलीबरोबर खेळतेय, तू येऊ नकोस, समजून घे. असं. मग ते पुसून टाकलं... अशा बघू नका हो माझ्याकडे. मी काय आनंदानं केलं? पण म्हटलं, आठवड्याचा प्रश्न आहे, परत गेलं की बुटकीला जवळ घेऊन सांगीन सगळं, मोठ्या मनाची आहे, ऐकेल. आणि माझीला आयुष्यभर सांगता येईल, मी तिथे खेळले म्हणून. वाईट काय होतं त्यात?

सांगते वाईट काय होतं. परवा ऑफिसाबाहेर यादी लागली. आयत्या वेळी तीन जोड्या गळाल्या. तीन. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या तिन्ही जोड्या आत घेतल्या. म्हणजे बुटकी आली असती ना, तर — बेरीज पाचशे एक काय आणि हजार काय, दोघी इथेच, याच कोर्टावर. मी ती यादी चारदा वाचली. माझ्या शेजारी ही उभी होती, तिनंही वाचली. मी म्हटलं, नशीब बघ बुटकीचं, नेमका खांदा आत्ताच जायचा होता. होय, म्हटलं मी असं. निघून गेलं तोंडातून.

शून्य-तीन. तुमची मुलगी केवढी म्हणालात? अकरा. सांभाळा हो. म्हणजे तिला नाही, स्वतःला सांभाळा. पहिल्यांदा आपण नुसतं पाण्याची बाटली धरून उभं असतो, मग कधीतरी रॅकेटची बॅग आपल्या खांद्यावर येते, मग तिचं खाणं, तिची झोप, आणि एक दिवस कळतं की तिच्या वतीनं आपणच बोलतोय सगळ्यांशी. दुहेरी खेळू द्या तिला. जोडीदार मात्र तिचा तिलाच शोधू द्या. मी सांगतेय, मला अधिकार नाही सांगायचा, पण सांगतेय.

काय झालं? का थांबले? नंबरवाली पंचांकडे का जातेय? मांडीला हात लावतेय. छे हो, काही झालेलं नाही तिला, आत्ता तर धावत होती. दुपारी एकेरी आहे तिची. एकेरी महत्त्वाची, दुहेरीत कशाला अंग मोडून घ्यायचं — सोडतेय. सोडला सामना. हात मिळवतेय बघा. झालं. एवढ्यासाठी. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. माझी बघा कशी उभी राहिलीय, एकटीच, तिला कळत नाहीये कुठे जायचं. जा गं, पंचांशी हात मिळव. मिळवला. शहाणी आहे.

एक मिनिट — तिचा फोन वाजतोय, माझ्या पर्समध्ये. बुटकीच आहे. स्कोअर बघत बसली असेल घरी, या दोघींना एकमेकींशिवाय — थांबा, काय लिहिलंय... काकू, असं लिहिलंय. हिच्या फोनवर आणि काकू म्हणून. 'काकू, हे तुम्हीच वाचणार हे मला माहितीये. काल दुपारी तिनं तिथल्या ऑफिसातून फोन केला होता. खांदा कसाय विचारलं. मी म्हटलं, खांद्याला काय झालंय? मग दोघींनाही कळलं. तिला काही बोलू नका. हरली की जेवत नाही ती, तेवढं बघा.'

काल दुपारी. काल.

अहो, पण आज सकाळी — आज सकाळी मी तिच्या घोट्याला पट्टी बांधत होते, रोज मीच बांधते, तर वरून विचारते कशी, आई, बुटकीचा खांदा कसा आहे गं आता? अगदी सहज. आणि मी मान वरसुद्धा केली नाही. म्हटलं, बराय, कालच बोलले मी तिच्याशी, व्यायाम करून घेतायत म्हणे. व्यायामसुद्धा घातला मी त्यात. ती म्हणाली, बरं. आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली, पट्टी बांधून झाली तरी. म्हणजे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून विचारलं. मला खरं बोलायला जागा करून देत होती हो ती, माझी पोर, सामन्याच्या दिवशी, आणि मी —

आली. बॅग घेतली तिनं, इकडेच येतेय. तुम्ही उठता का जरा? रागावू नका, पण उठा. परक्या माणसासमोर ती मला एक अक्षर बोलणार नाही, आणि आज तिनं बोलावं, काय वाटेल ते बोलावं, शिव्या घालाव्यात. तिथे त्या खांबाशी उभ्या राहा दोन मिनिटं, तुमचे उपकार होतील. पाणी काढून ठेवते मी तिचं...

अगं, इकडे. इकडे आहे मी. अगं —

तिकडे तर बाहेर जायचं फाटक आहे.

बसा. बसा हो तुम्ही, कशाला उभ्या? इथे कोणी येत नाहीये.